गाणाऱ्यांची पावले

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे समूहगानातील हालचालींविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील चार पत्रे निवडून, थोडी संक्षिप्त करून, उत्तरांसह येथे देत आहे.

प्रश्न : मी 31 वर्षांची असून डोंबिवलीला राहते. भरतनाट्यममध्ये विशारद झाले आहे, आठ वर्षे क्लास घेते आणि मधूनमधून रंगमंचीय कार्यक्रमांत समूहनृत्य करते. दोन वर्षांपूर्वी घोट्याचा लिगामेंट दुखावला, तेव्हापासून सलग नाचणे झेपत नाही. गेल्या दिवाळीत दादरच्या एका महिला समूहगान मंडळाने ‘आमच्या बायका नुसत्या खांबासारख्या उभ्या राहतात, काहीतरी हालचाल बसवून द्या’ म्हणून बोलावले. मी बसवलेल्या हालचाली मंचावर बऱ्या दिसल्या, पण गाणे सैल पडले आणि संचालिकाबाई नाराज झाल्या. तरीही हे काम मला मनापासून आवडले. यातून व्यवसाय उभा राहू शकतो का, आणि त्यासाठी काय शिकावे लागेल?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी व्यवहाराचे उत्तर देते, म्हणजे बाकीचे निवांतपणे वाचता येईल. मुंबईत ‘समूहगानाचा नृत्यदिग्दर्शक’ अशी नोकरी नाही, तशी जाहिरात निघत नाही, आणि निव्वळ या कामावर वर्षाचे बारा महिने घर चालवणारी एकही व्यक्ती माझ्या ओळखीत नाही. मीही त्याला अपवाद नाही. क्लास, शाळांची स्नेहसंमेलने आणि नाटकांच्या तालमी यांच्या जोडीला मात्र हे काम हळूहळू वाढत जाते, आणि घोटा कुरकुरू लागलेल्या नर्तकीला ते साठीनंतरही करता येते.

आता तुमच्या पत्रातल्या ‘गाणे सैल पडले’ या तीन शब्दांकडे वळते, कारण तुम्हाला जे शिकायचे आहे ते बहुतेक सगळे त्यांतच आहे. माझ्या पहिल्या कामातही नेमके हेच झाले होते. चोवीस गायिका, सहा-सहाच्या चार ओळी, आणि ध्रुवपदाच्या शेवटी आठ मात्रा लांबणारा एक स्वर. त्या स्वरावर सगळ्यांनी एकदम पूर्ण गिरकी घ्यायची, अशी माझी कल्पना होती आणि नृत्याच्या हिशेबाने ती चोखही होती. प्रत्यक्षात तिसऱ्या मात्रेला संचालकांचा हात कोणालाच दिसेनासा झाला, खालच्या पट्टीत गाणाऱ्यांचा स्वर उतरला, आणि सम आली तेव्हा निम्म्या बायका भिंतीकडे तोंड करून एकमेकींची वाट पाहत उभ्या होत्या. संचालकांनी पेटीचा भाता मिटला आणि शांतपणे विचारले, “बाई, यांनी श्वास कुठे घ्यायचा?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

पुढच्या तालमीला तीच गिरकी मी लाटेसारखी फिरवली. पहिल्या मात्रेला डावीकडची चौघींची उभी रांग वळू लागायची, दुसऱ्या मात्रेला तिच्या शेजारची, असे करत सहावी रांग. प्रत्येक रांगेला गिरकीसाठी दोन मात्रा. त्यामुळे कोणत्याही क्षणी जास्तीत जास्त आठ जणी वळत असत आणि उरलेल्या सोळा जणी संचालकांकडे पाहत स्वर धरून ठेवत. सातवी मात्रा संपताना सगळ्या पुन्हा समोर, आणि आठवी मात्रा श्वासाला मोकळी. प्रेक्षकांना ही लाट एकत्र गिरकीपेक्षा जास्त आवडली, पण ते मी ठरवून केलेले नव्हते. गाणे वाचवताना ते हाती लागले.

नर्तकाला श्वासाचे भान नसते असे मुळीच नाही, परंतु तो दम लागला की श्वास घेतो, आणि गायकाला तो ओळीत जिथे जागा असेल तिथेच घ्यावा लागतो. श्वास घेताना श्वासपटल खाली सरकते, बरगड्या बाहेरच्या बाजूला फाकतात, आणि गाताना हा विस्तार एकदम कोसळू न देता सावकाश सोडावा लागतो. कमरेतून पुढे वाकले की पोट दाबले जाऊन श्वास उथळ होतो. हात खांद्यांच्या वर नेले की बरगड्या उचलल्या जातात, म्हणून ओळ सुरू होण्याआधी हात वर नेणे सोयीचे पडते, पण तेच हात चार ओळी वर धरून ठेवले तर मान आणि खांदे आवळतात व आवाजही आवळतो. हनुवटी वर करून आकाशाकडे पाहणे मंचावर सुंदर दिसते आणि गळ्याला मात्र ताणते. अरमंडीबद्दल, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्याच्या भरतनाट्यमच्या स्थितीबद्दल, तर मला स्वतःलाच पुष्कळ नवे शिकावे लागले. जी बैठक आपल्याला वर्षानुवर्षांच्या सरावाने सहज वाटते, ती न शिकलेल्या गायिकेच्या मांड्या आणि ओटीपोट इतके घट्ट करते की लांब स्वर तिथेच तुटतो. कोणतीही हालचाल बसवण्यापूर्वी ती करत करत ती ओळ स्वतः मोठ्याने, पूर्ण आवाजात गाऊन पाहावी. गुणगुणून पाहिलेले हिशेबात धरू नये.

दुसरी गोष्ट कानांची. नर्तकांना आपण मंचभर पसरवतो, कारण रिकामी जागा डोळ्यांना खुपते. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे दहा मीटर अंतरावरच्या गायिकेचा आवाज दुसरीला सुमारे 30 मिलीसेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत अर्ध्या सेकंदाची एक मात्रा असते आणि तिचा चौथा भाग 125 मिलीसेकंदांचा. त्याच्या जवळजवळ पावपट उशीर नुसत्या अंतराने होतो. दोन टोकांच्या गायिका एकमेकींचे ऐकून गाऊ लागल्या की लय घसरत जाते, आणि दोष बिचाऱ्या तबलजीवर येतो. म्हणून एकाच पट्टीत गाणाऱ्यांना शक्यतो हाताच्या अंतरावर ठेवावे, आणि त्यांना पांगवायचेच असेल तर ज्या ओळींत लय सोपी आहे किंवा ठेका स्पष्ट वाजतो आहे, तिथे पांगवावे. तुमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात गाणे सैल पडण्याचे कारण, मी पैज लावून सांगते, या दोनांपैकी एक तरी होते.

मोजण्याच्या पद्धतीचेही पाहा. आपण ‘पाच, सहा, सात, आठ’ म्हणतो आणि गायक गोंधळतो, कारण त्याच्या डोक्यात अंक नसून अक्षरे असतात. “‘माझे’मधल्या ‘झे’ला उजवा पाय” असे सांगितले तर सत्तर वर्षांच्या आजीसुद्धा चुकत नाहीत. भरतनाट्यमच्या अभ्यासामुळे तिश्र, खंड, मिश्र या, म्हणजे तीन, पाच, सात मात्रांच्या गटांच्या, जाती तुमच्या अंगात मुरलेल्या आहेत, ते मोठे भांडवल आहे. फक्त तालमीत त्यांची नावे घेऊ नका.

काय शिकावे, याचे माझे उत्तर कदाचित तुम्हाला अनपेक्षित वाटेल. नृत्याचा नवा कोर्स करू नका. एखाद्या समूहगान मंडळात किमान एक वर्ष गायला बसा. गळा बेताचा असला तरी चालेल, मागच्या ओळीत उभे राहा, आणि संचालकांच्या हाताकडे पाहत शेजारणीच्या स्वरात स्वर मिसळणे म्हणजे काय ते अंगाने समजून घ्या. मुंबईत ही दोन वेगळी विश्वे आहेत. दादर, गिरगाव, पार्ले, ठाणे या पट्ट्यातले मराठी समूहगान बहुतांशी एका सुरात, पेटी-तबल्यावर आणि वहीतल्या शब्दांवर चालते. दुसरीकडे व्हिक्टर परांज्योती यांनी स्थापन केलेल्या आणि कूमी वाडिया यांनी अनेक दशके सांभाळलेल्या कॉयरसारखी पाश्चात्य परंपरा आहे, जिथे सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार आवाज स्टाफ नोटेशनवर, म्हणजे पाच रेषांवर लिहिलेल्या पाश्चात्य स्वरलिपीवर, वेगवेगळे चालतात. दोन्हीकडे काम करायचे असेल तर स्टाफ नोटेशन निदान वाचता आले पाहिजे. श्वासाच्या खुणा कुठे आहेत आणि कोणत्या आवाजाला कुठे विराम आहे एवढे कळले तरी अर्धी रचना तिथेच सुचते, कारण ज्याला विराम आहे त्याला चालवावे आणि ज्याच्याकडे लांब स्वर आहे त्याला उभे ठेवावे.

नमुने परदेशातच शोधावे लागतील असे मात्र समजू नका. वारीतल्या दिंडीची पावली जवळून पाहा. हातात टाळ, गळ्यात अभंग, पायांत पुढे-मागे जाणारी पावले. चाल म्हणणारा ओळ म्हणतो तेव्हा टाळकऱ्यांना श्वासाला उसंत मिळते आणि ते ओळ उचलतात तेव्हा त्याला, म्हणून तासन्‌तास गाऊनही दम तुटत नाही. मंगळागौरीचे खेळ, शाहिराच्या मागे ‘जी जी’ धरणारे झीलकरी, हे सारे गात गात हलण्याचेच शास्त्र आहे. आणि 1972 साली पुण्यात रंगमंचावर आलेले ‘घाशीराम कोतवाल’ तर या विषयाचे पाठ्यपुस्तकच म्हणावे लागेल. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना यांतून ब्राह्मणांची गाणारी, डोलणारी रांग उभी राहिली. तीच पडदा होत असे, पाठ फिरवली की भिंत होत असे, आणि गाणे सुरूच राहत असे. त्यातल्या हालचाली किती थोड्या आणि किती छोट्या आहेत, हे मुद्दाम मोजून पाहण्यासारखे आहे.

परदेशातले एकच उदाहरण देते. अमेरिकी दिग्दर्शक पीटर सेलर्स यांनी 2016 मध्ये लॉस एंजेलिस मास्टर कोरॅलच्या 21 गायकांना घेऊन ओर्लांदो दी लासो यांची 1594 सालची ‘लाग्रिमे दी सान पिएत्रो’ (संत पीटरचे अश्रू) ही रचना मंचित केली. सात आवाज, प्रत्येकी तीन गायक, वाद्य एकही नाही आणि कोणाच्या हातात कागद नाही. त्यात नृत्य म्हणावे असे फारसे काही नाही. पश्चात्तापाच्या एकेका शब्दासाठी खाली बसणे, हात पुढे करणे, दूर होणे, एवढेच आहे. पण ते सगळे पाठ झाल्याशिवाय शक्य नव्हते, आणि हा मुद्दा आपल्याकडे फार दुर्लक्षित राहतो. हातात वही असेपर्यंत हालचाल बसवायला घेऊच नका. गाणे पाठ झाले की मगच मला बोलवा, असे मी आता आधीच सांगते.

कामाची सुरुवात शाळांपासून होईल. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलने, नोव्हेंबर-डिसेंबरात नाताळच्या कार्यक्रमांची तयारी, त्याआधी गणेशोत्सव व दिवाळी पहाट, पुढे 26 जानेवारी आणि 1 मे. महाविद्यालयांत युवा महोत्सवाच्या भारतीय व पाश्चात्य समूहगायन स्पर्धा. म्हणजे कामाचे पीक ऑगस्ट ते जानेवारी असते आणि मार्च ते जून बहुतेक कोरडे जातात, ते महिने क्लासने भरून काढावे लागतात. मानधन ‘पूर्ण गाण्याचे’ असे ठोक ठरवू नका, कारण मंडळे तालमी वाढवत नेतात. प्रत्येक तालमीचा दर, किमान सहा तालमी, आणि प्रयोगाच्या दिवसाचे वेगळे, असे बोला. तुमचे वय पाहता केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या कनिष्ठ अधिछात्रवृत्तीचाही विचार करा. ती 25 ते 40 वयोगटासाठी असून दोन वर्षे दरमहा 10,000 रुपये मिळतात, आणि तिला अभ्यासाचा विषय द्यावा लागतो. ‘पावली आणि समूहगान’ हा विषय मला कोणी तुमच्या वयात सुचवायला हवा होता.

प्रश्न : गिरगावात आमचे पस्तीस जणांचे समूहगान मंडळ असून सदस्य 40 ते 72 वयाचे आहेत. नवीन कार्यकारिणीचा आग्रह आहे की नृत्यदिग्दर्शिकेला बोलावून गाणी ‘दृश्य’ करावीत. मी स्वतः संचालक असून मला हे पटत नाही. गाणे कानांनी ऐकायचे असते. शिवाय निम्म्या लोकांचे गुडघे दुखतात. आपले मत काय?
— एक संचालक, गिरगाव

उत्तर : आपल्याशी मी अर्ध्याहून अधिक सहमत आहे, हे ऐकून कार्यकारिणी माझ्यावर रागावेल. प्रत्येक गाणे हलले पाहिजे ही हौस दूरचित्रवाणीच्या स्पर्धांमुळे वाढली आहे, आणि शोकगीतावर हातांच्या लाटा पाहताना मला स्वतःला अवघडल्यासारखे होते. बारा गाण्यांच्या कार्यक्रमात तीन-चारांना हालचाल आणि एखाद्याला नुसता प्रवेश किंवा निर्गमन, एवढे पुरते. राष्ट्रगीत आणि 2023 पासून राज्यगीत झालेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ यांच्या वेळी तर सावधान उभे राहायचे असते. तिथे कोणी हात हलवायला सुचवले तर सरळ नकार द्यावा.

गुडघ्यांच्या अडचणीवर उपाय आपल्याच परंपरेत आहे. बैठकीची लावणी गाणारी स्त्री बसलेली असते, आणि तिची सगळी अदाकारी मान, डोळे, मनगट व बोटे यांतून येते. आपल्या सदस्यांना खुर्च्यांवर बसवूनसुद्धा एखादे गाणे उत्तम बसवता येईल; कधी सगळ्यांनी एका बाजूला पाहायचे, कधी एका ओळीने दुसरीकडे वळून ऐकायचे, एवढ्यानेही मंच जिवंत होतो. पायऱ्यांच्या राइझरवर मात्र पायांची कोणतीही हालचाल ठेवू नये. मागच्या पायरीवरून पाय चुकला तर दुखापत होते, आणि उभ्या गायकाचे लक्ष एकदा पायांकडे गेले की ते गाण्याकडे परत येत नाही. मंच लाकडी असेल आणि वर टांगलेले माइक असतील तर पस्तीस जणांच्या पावलांचा आवाज स्वरांइतकाच स्पष्ट ऐकू येतो, म्हणून अनवाणी किंवा मऊ तळव्यांची पादत्राणे घालून एक तालीम त्याच सभागृहात घ्यावी.

एक विनंती करते. मंचावर काही दाखवायचे नसले, तरी तालमीत हालचाल वापरून पाहा. स्वित्झर्लंडचे संगीतशिक्षक एमिल जाक-दालक्रोझ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लय चालून, पावलांनी शिकवण्याची पद्धत रूढ केली, आणि समूहगानाला ती फार उपयोगी पडते. सात मात्रांचे गाणे आपले सदस्य नेहमी आठवर नेत असतील, तर त्यांना हॉलमध्ये गोलात चालायला लावा, समेला पाय जोराने टाकायला सांगा, आणि मग जागेवर उभे राहून गायला लावा. चूक पायांत सापडली की तोंडाला सांगावे लागत नाही. असे काम करणारी नृत्यदिग्दर्शिका कार्यक्रमाच्या पत्रिकेत नाव न येताही मंडळाला पुष्कळ देऊन जाते. तिला मानधन मात्र द्यावे.

हालचाल बसवण्याचा अंतिम निर्णय कोणाचा, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. माझ्या मते स्वर आणि लय बिघडत असेल तर संचालकाचा नकार शेवटचा असावा, आणि ते न बिघडता हालचाल कशी दिसावी हा शब्द नृत्यदिग्दर्शिकेचा असावा. आपण पेटी सोडून एकदा प्रेक्षकांत शेवटच्या रांगेत जाऊन बसलात, तर दोघांचेही भांडण निम्मे होईल.

प्रश्न : मी कथक करतो. दोन वर्षांपूर्वी एका मंडळासाठी तीन गाण्यांच्या हालचाली बसवल्या. यंदा त्यांनी त्याच हालचाली माझ्या नावाशिवाय, मला न विचारता पुन्हा सादर केल्या. लेखी काहीच नव्हते. माझा काही हक्क आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : हक्क आहे, पण तो सिद्ध करायला आधार लागतो. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 2(ज) मध्ये, म्हणजे इंग्रजी मजकुरातील 2(एच) मध्ये, नाट्यकृतीच्या व्याख्येत नृत्यरचनेचा समावेश आहे. अट अशी की ती लिखित स्वरूपात किंवा अन्य प्रकारे नोंदलेली असली पाहिजे. तालमीत तोंडी शिकवलेली आणि फक्त गायकांच्या अंगात राहिलेली रचना या व्याख्येत बसवणे कठीण जाते. तालमीचा तारीख असलेला व्हिडिओ, ओळींसमोर हालचालींच्या खुणा केलेला गाण्याचा कागद, यांपैकी काही आपल्याकडे असेल तर तो जपून ठेवा. आपण मंडळाचे पगारी कर्मचारी नव्हता, म्हणून वेगळा करार नसेल तर रचनेचा पहिला मालक सामान्यतः रचनाकारच असतो. आणि कलम 57 नुसार आपल्या कृतीचा कर्ता म्हणून नाव मागण्याचा हक्क स्वामित्व दुसऱ्याला दिल्यानंतरही उरतो.

तरी वकिलाच्या नोटिशीपूर्वी मंडळाच्या सचिवांना एक साधे पत्र पाठवावे. मुंबईतले हे वर्तुळ फार लहान आहे, आणि बहुतेक वेळा नाव वगळले जाते ते दुष्टपणाने नव्हे, तर पत्रिका छापणाऱ्याला कोणी सांगितलेच नाही म्हणून. पुढच्या कामापासून एक पान लिहून घ्या : कोणती गाणी, किती प्रयोग, पुनःप्रयोगाचे मानधन किती, पत्रिकेत नाव कुठे, आणि चित्रीकरण इंटरनेटवर टाकायचे असल्यास कोणाच्या परवानगीने. शेवटचा मुद्दा हल्ली सगळ्यांत जास्त वाद निर्माण करतो.

प्रश्न : माझी मुलगी 17 वर्षांची आहे. गाते आणि नाचतेही. दोन्हींतले एक निवड असे सगळे सांगतात. ‘समूहगानाची नृत्यरचना’ असा पदवी अभ्यासक्रम मुंबईत कुठे आहे का?
— एक पालक, विलेपार्ले

उत्तर : या नावाचा पदवी अभ्यासक्रम मी मुंबईत पाहिलेला नाही. नृत्याची पदवी घ्यायची असेल तर तुमच्या घराजवळच जुहूला, कनक रेळे यांनी उभारलेले आणि मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेले नालंदा नृत्य कला महाविद्यालय आहे. लोककलांकडे ओढ असेल तर विद्यापीठाच्या कलिना संकुलातील लोककला अकादमीची चौकशी करावी. नृत्याची पदवी घेताना गाण्याचा क्लास बंद करू नये, निदान आठवड्यातून एक दिवस तरी तिने इतरांबरोबर गावे. दोन्हींतले एक निवडायला तिला सांगणाऱ्यांपैकी कोणी समूहगानाच्या तालमीत कधी उभे राहिले आहे का, तेही विचारून पाहा.